बातमीतली रानवनस्पती आणि घरातला कर्करुग्ण : काढा देण्याआधी हे वाचा

सह्याद्रीतल्या किंवा सातपुड्यातल्या एखाद्या वनस्पतीच्या अर्कात ‘अँटिऑक्सिडंट आणि कर्करोगविरोधी गुणधर्म’ आढळल्याची बातमी छापून येते आणि लगेच वाचकांचे प्रश्न सुरू होतात. आईची केमो चालू आहे, सोबत हा काढा दिला तर चालेल का? वडिलांना रेडिएशन सोसत नाही, ते थांबवून हे सुरू करू का? गावाकडे हे झाड आहे, पानं घ्यायची की साल? शेजारच्यांनी पावडर आणून दिली आहे, आता नाही कसं म्हणायचं?

विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. घरात कर्करोग शिरला की हातावर हात धरून बसवत नाही, आणि झाडपाल्यावरचा आपला विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. बातमीही बहुधा खोटी नसते. पण प्रयोगशाळेत जे घडलं आणि तुम्ही घरी जे करणार आहात, त्यांच्यात मोठं अंतर असतं आणि ते बातमीत छापलेलं नसतं. या लेखात ते अंतर तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे निर्णय तुम्हाला घेता येईल.

सर्वात आधी, आजच करायच्या गोष्टी

- ठरलेली शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन झाडपाल्यासाठी थांबवू नका. ‘महिनाभर हे करून बघू, मग ऑपरेशन’ असंही नको. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. कर्करोग शरीरात दूरवर पसरलेला नसतानाही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेणारे ५६० रुग्ण त्यात होते. पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून जास्त होता, म्हणजे वेळेवर उपचार झाले तर जो आजार बहुतेकदा आटोक्यात येतो, त्यातच सर्वाधिक नुकसान झालं.
- काढा, चूर्ण किंवा गोळी आधीच सुरू असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना सांगा. पुढच्या भेटीची वाट पाहू नका, फोन करा.
- डोळे किंवा लघवी पिवळीधमक होणं, अंगाला खाज, जेवणाची शिसारी, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं, तर तो काढा तिथेच थांबवा आणि यकृत व मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या करून घ्या.
- केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

‘गुणधर्म आढळले’ म्हणजे प्रयोगशाळेत काय घडलं?

अशा बहुतेक बातम्या दोन साध्या चाचण्यांवर उभ्या असतात. त्या कशा होतात हे एकदा पाहिलं, तर पुढची कुठलीही बातमी तुम्हाला स्वतःच पारखता येईल.

पहिली चाचणी अँटिऑक्सिडंट गुणाची. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण घेतात आणि त्यात वनस्पतीचा अर्क घालतात. अर्काने त्यातले फ्री रॅडिकल, म्हणजे अस्थिर रेणू, शांत केले की जांभळा रंग उतरून द्रावण पिवळं पडतं. रंग किती उतरला हे यंत्रावर मोजतात आणि आकडा येतो. चाचणी चांगली आहे, स्वस्त आहे, पदव्युत्तर विद्यार्थी ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करू शकतात. पण तुरट चवीच्या जवळपास सगळ्याच गोष्टी तिच्यात उत्तीर्ण होतात. हिरडा, आवळा, जांभळाची बी, डाळिंबाची साल, इतकंच काय, रोजचा चहाही. शिवाय हा सगळा खेळ काचेच्या नळीतला आहे. पोटात गेल्यावर या तुरट द्रव्यांतला थोडाच भाग रक्तात पोचतो, आणि तोही आतडी आणि यकृत यांनी रूप पालटल्यानंतर.

दुसरी चाचणी कर्करोगविरोधी गुणाची. स्तन, गर्भाशयमुख, आतडं अशा ठिकाणच्या कर्कपेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात. हेला नावाच्या प्रसिद्ध पेशी तर १९५१ पासून जगभर वाढवल्या जात आहेत. या पेशींवर अर्क टाकतात आणि साधारण एक ते तीन दिवसांनी एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. निम्म्या पेशी मारायला अर्क किती लागला, तो आकडा म्हणजे आयसी-५०. आकडा जितका लहान, तितका अर्क प्रभावी.

बातमीमागचा शोधनिबंध हाताशी आला, किंवा घरातल्या शिकणाऱ्या मुलाला तो मिळवता आला, तर त्यात एवढंच शोधा :

- आयसी-५० किती? कच्चा अर्क पुढच्या तपासणीला घ्यावा की नाही, यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने मिलिलिटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली होती. आकडा शेकड्यांत असेल, तर ‘कर्करोगविरोधी’ हे विशेषण फार उदारपणे लावलेलं आहे.
- निरोगी पेशींवरही अर्क टाकून पाहिला का? ब्लीच टाकलं तरी कर्कपेशी मरतात. निरोगी पेशी वाचल्या का, हाच खरा प्रश्न. पुष्कळ निबंधांत तो विचारलेलाच नसतो.
- अर्क कशात काढला? हे सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. प्रयोगशाळेतला अर्क बहुधा मिथेनॉल, क्लोरोफॉर्म किंवा इथाइल ॲसिटेटमध्ये काढलेला असतो. तुम्ही घरी पान पाण्यात उकळता. त्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, त्यांचं प्रमाण वेगळं. निबंधात जे तपासलं ते तुमच्या पेल्यात नसतंच.
- माणसांवर चाचणी झाली का? झाली नसेल, तर डोस कोणालाच ठाऊक नाही. वैदूला नाही, विक्रेत्याला नाही, संशोधकालाही नाही.

लक्ष्मणफळाचंच बघा. ‘केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ हा संदेश मराठीत आजही फिरतो आहे. त्याचा उगम १९९६ च्या एका शोधनिबंधात आहे. लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळं काढलेलं एक द्रव्य, आतड्याच्या कर्करोगाच्या एका प्रकारच्या पेशींवर, प्रयोगशाळेतल्या भांड्यात, केमोच्या एका औषधापेक्षा तितक्या पट प्रभावी दिसलं. यात माणूस कुठेच नव्हता, फळाचा गरही नव्हता. त्याच गटातली द्रव्यं मेंदूच्या पेशींना मारक आहेत. कॅरिबियनमधल्या ग्वादलुप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा, पण औषधाला दाद न देणारा आजार आढळल्याचं तिथल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये नोंदवलं आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत ही बाजू पोचलेली नाही.

पण झाडांतून केमोची औषधं आली, ते?

आली, आणि त्याचा अभिमान आपल्यालाही वाटायला हवा. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी कॅम्प्टोथेसिन (१९६६) आणि टॅक्सॉल (१९७१) या दोन वनस्पतिजन्य द्रव्यांची रचना उलगडली. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना ते आज दिलं जातं. कॅम्प्टोथेसिन चीनमधल्या एका झाडात सापडलं, पण १९७२ मध्ये ते आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्या या झाडातही असल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता याच कॅम्प्टोथेसिनचं पुढे काय झालं ते पाहा, कारण तुमच्या निर्णयाला ते उपयोगी आहे. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं. काहींच्या गाठी आक्रसल्या, पण मूत्राशयातून रक्तस्राव आणि रक्तपेशींची घसरण इतकी भयंकर होती की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करत करत त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधं घडली आणि १९९६ पर्यंत दोन्ही मान्य झाली. मधली तीस वर्षं त्या द्रव्याचं विष आवरण्यात गेली. म्हणून नरक्याची साल उगाळून देणारा कोणी भेटला आणि म्हणाला की ‘यातूनच केमोचं औषध बनतं’, तर तो खरं बोलतो आहे, आणि ती साल घरी न देण्याचं कारणही तेच आहे.

सदाफुलीचं तसंच. पन्नासच्या दशकात कॅनडात संशोधकांनी मधुमेहासाठी तिच्या पानांची तपासणी सुरू केली. साखर उतरली नाही. अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. त्यावरून व्हिनब्लास्टिन आणि नंतर व्हिन्क्रिस्टिन मिळालं, आणि रक्ताच्या कर्करोगाची कित्येक मुलं वाचली. पण एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन मिळायला सुमारे अर्धा टन वाळलेली पानं लागतात, आणि मोठ्या माणसाला एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. अंगणातली पाच पानं रोज चावून यातलं काही साधत नाही. उलट केमोने आधीच उतरलेल्या पांढऱ्या पेशींना आणखी धोका पोचू शकतो. मधुमेहासाठी सवयीने ही पानं खाणारे बरेच आहेत. तुमच्या रुग्णाला ती सवय असेल, तर डॉक्टरांना न चुकता सांगा.

केमो-रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंट का नको?

‘अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, अपाय कसला?’ हा समज मुळापासून तपासायला हवा. रेडिएशन आणि केमोतली काही औषधं कर्कपेशी मारतात ती बऱ्याच अंशी फ्री रॅडिकल निर्माण करूनच. त्याच दिवसांत अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस पोटात घातले, तर संरक्षण निरोगी पेशींना मिळेल आणि कर्कपेशींना मिळणार नाही, असं होत नसतं.

कर्करोग टाळण्यासाठी म्हणून दिलेल्या गोळ्यांचा अनुभवही डोळे उघडणारा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये आला : बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच एक चाचणी याच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी बंद करावी लागली. गाजर-पालक खाणं आणि त्यातला एक घटक रोज गोळीने घेणं, या शरीरासाठी दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

दुसरी अडचण यकृताची. केमोची औषधं जिथे मोडली जातात, तिथेच वनस्पतींची द्रव्यंही पोचतात. काही द्रव्यं औषध लवकर संपवतात, काही ते साठवून ठेवतात. नैराश्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकानच्या सक्रिय रूपाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचं मोजून सिद्ध झालं आहे. रुग्ण केमो घेत राहतो, पण निम्म्याच्या आसपास औषध वाया जातं. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचं पपनस नेमकं उलटं करू शकतात. तेव्हा गणपतीत पपनस सोलून देण्याआधी चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन मुद्दाम घातलेलं असतं, तेही औषधांचं गणित बिघडवतं. भाजी-आमटीतल्या हळदीला मात्र कोणीही हरकत घेत नाही.

या वनस्पती घरच्या घरी अजिबात देऊ नका

- बिब्बा. विदर्भ-मराठवाड्यात ‘गाठी विरघळतात’ म्हणून सर्रास सुचवला जातो. त्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात, पोटात गेल्यावर काय होत असेल याचा अंदाज करा. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तो आहे, आणि आयुर्वेदातही शोधन केल्याशिवाय तो देत नाहीत.
- कळलावी. पावसाळ्यात कुंपणांवर फुलणारी, दिसायला देखणी. तिच्या कंदातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजन रोखतं, म्हणून प्रयोगशाळेत ते ‘कर्करोगविरोधी’ दिसतंच. पण खाण्याचा कंद समजून तो शिजवून खाल्लेली माणसं दगावली आहेत.
- सापसंद, म्हणजे ईश्वरी. या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांतून हे पोटात गेलं आणि अनेक तरुण स्त्रियांवर डायलिसिसची वेळ आली. कर्करोगावर म्हणून दिलेल्या काढ्यातच कर्करोगकारक द्रव्य असू शकतं, याचं हे उदाहरण.
- जर्दाळूच्या कडू बिया. ‘बी-१७ जीवनसत्त्व’ या नावाने विकतात. असं जीवनसत्त्व अस्तित्वात नाही. पोटात त्यातून सायनाइड तयार होतं, आणि त्यातल्या द्रव्याचा कर्करोगावर काही उपयोग होत नसल्याचं अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या चाचणीत १९८२ मध्येच दिसून आलं.
- गुळवेल. तिला वरच्या चौघांच्या पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल, पण उपचार चालू असताना ती आपल्या मनाने नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की खरी गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. दोघांपैकी कोणाचंही खरं मानलं, तरी दारावर विकत घेतलेली कांडी नेमकी कोणत्या वेलीची, हे तुम्ही सांगू शकत नाही.

वनस्पतीची खात्रीच करून घ्यायची असेल, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. पान, फूल, फळ असलेली फांदी लागते, पावडरवरून ओळख पटवणं फार कठीण.

मग काय चालेल?

*जेवणातल्या रानभाज्या.* रुग्णाला रुची असेल, तर कर्टोली, टाकळा, कुर्डू, भारंगीची कोवळी पानं नेहमीच्या भाजीएवढी खायला हरकत नसते. धुऊन, नीट शिजवून. केमोत पेशी उतरलेल्या असताना कच्चं काही नको. आणि ज्यांच्या घरात ती भाजी करण्याची रीत आहे, त्यांच्याकडूनच ती करून घ्या. शेवळं ही रानभाजी काकडाच्या फळांशिवाय शिजवली की घसा खाजतो, हे कोकणात आणि ठाणे-पालघरकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आवळा, जांभूळ, करवंद फळ म्हणून खा. मात्र त्याचाच ‘अर्क’, ‘कॉन्सन्ट्रेट’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्ट’ कॅप्सूलमध्ये आला की तो औषधासारखा समजा आणि विचारूनच घ्या.

*नोंदणीकृत वैद्य.* भूक, झोप, बद्धकोष्ठ, अशक्तपणा यांसाठी आयुर्वेदाची मदत घ्यावीशी वाटली, तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा. त्यांना केमोची फाइल दाखवा. फाइल न पाहता ‘आधी ते केमो बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या दारातून परत फिरा. चांगले वैद्य स्वतःहून कर्करोगतज्ज्ञांशी बोलायची तयारी दाखवतात.

*नोंदणीकृत चाचणी.* रुग्णाला खरोखरच नवं वनस्पतिजन्य औषध घेऊन पाहायचं असेल, तर हा राजमार्ग. १५ जून २००९ पासून भारतातल्या औषधचाचण्यांची भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीकडे नोंद बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, त्याची प्रत मिळाली पाहिजे, आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता तुम्ही बाहेर पडू शकता. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. ‘ट्रायल आहे’ असं सांगून कोणी औषधाचे पैसे मागत असेल, तर तिथे थांबा.

बाटली हातात आल्यावर

१. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची पूर्ण यादी, उत्पादकाचा पत्ता आणि वापरण्याची मुदत छापलेली हवी. कागदाच्या पुडीत यातलं काहीच नसतं.
२. फक्त एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असेल, तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे. ती कर्करोग बरा करते असं तिच्या विक्रेत्याला म्हणता येत नाही.
३. घटकांत भस्म, पारा, गंधक, हरताळ अशी नावं दिसली, तर मूत्रपिंडाची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला यांच्याशिवाय नको.
४. औषध सुरू करताच दोन-चार दिवसांत भूक प्रचंड वाढली, चेहरा गोल दिसायला लागला, साखर चढली, तर खुश होऊ नका. चूर्णात स्टेरॉइड मिसळल्याची ही खूण असू शकते. असं औषध अचानक बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.
५. ‘फॉर्म्युला गुपित आहे’ असं उत्तर मिळालं, की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

डॉक्टरांशी कसं बोलावं?

पुष्कळ जण सांगत नाहीत, कारण रागावून घ्यायची भीती. ओपीडीत वेळही तीन-चार मिनिटांचा. म्हणून मोबाइलमध्ये पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा आणि थेट विचारा : “डॉक्टर, आम्ही हे दहा दिवसांपासून देतोय. थांबवायचं का? त्यासाठी एखादी तपासणी करायला हवी का?” परवानगी मागण्याच्या सुरात सुरुवात केली की गोष्ट लपवावीशी वाटते, माहिती देण्याच्या सुरात सांगितलं की उत्तर मिळतं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा. काही वनस्पतींनी रक्त पातळ होतं, आणि असे पदार्थ साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

डॉक्टरांनी ऐकूनच घेतलं नाही, तर दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी फाइलची प्रत लागेल, आणि लेखी मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. दुसऱ्या मतासाठी परळचं टाटा मेमोरियल, खारघरचं ॲक्ट्रेक, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी, बार्शीचं नर्गिस दत्त, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज ही ठिकाणं आहेत. खर्चाच्या धास्तीने लोक झाडपाल्याकडे वळतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. उपचार सोडण्याआधी १५५३८८ वर फोन करा.

फसवणूक झाली तर

कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत कर्करोग आहे, आणि पहिल्या गुन्ह्यासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरात पेपरात असो, भिंतीवर असो की मोबाइलवर, तिचा फोटो तारखेसह जपून ठेवा. पैसे दिल्याची पावती, नसेल तर यूपीआयची नोंद ठेवा. उरलेलं औषध फेकू नका, तो पुरावा आहे.

- अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र : १८००-२२२-३६५
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५
- औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी : १८००-१८०-३०२४

ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

इथे एक आठवण करून देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हळद, कडुनिंब आणि पथ्य यांनी चौथ्या टप्प्याचा कर्करोग बरा झाल्याचा दावा देशभर फिरला. त्या रुग्णाची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होती. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं की अशा गोष्टींमागे लागून उपचार लांबवू नका. नातेवाईक ‘अमक्याला बरं वाटलं’ म्हणून सांगतील तेव्हा एवढंच विचारा : त्यांनी आणखी कोणते उपचार घेतले होते?

‘आता फार काही करता येणार नाही’ असं सांगितल्यावर

झाडपाल्याचा विक्रेता नेमका याच वळणावर उभा असतो, आणि या वेळी घरातली माणसं कशालाही तयार असतात. डॉक्टरांचं ते वाक्य आजार बरा करण्यापुरतं असतं. वेदना, धाप, उलट्या, जखमेचा वास, झोप यांवर पुष्कळ काही करता येतं, आणि त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्या विभागाची चिठ्ठी स्वतःहून मागा. घरी येणारं पथक आहे का, विचारा. मॉर्फीनच्या गोळीला घाबरू नका. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त केंद्रांत ती मिळणं सोपं झालं आहे. तिच्याने बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. इथे नुसतं इसबगोल पुरत नाही.

आणि अशा वेळी रुग्णानेच काढ्याचा हट्ट धरला तर? तेव्हा तो डॉक्टरांना दाखवून, वरच्या यादीतलं काही त्यात नाही याची खात्री करून, थोडा द्या. उलटी झाली, पोट बिघडलं, तर थांबवा. घशाखाली उतरत नसेल, तर जबरदस्ती करू नका. कडू काढा रोज तीनदा पाजण्याच्या नादात आवडीचं दोन घास जेवण राहून जातं, हे होऊ देऊ नका. आणि विक्रेत्याने तीन महिन्यांचा ‘कोर्स’ आगाऊ घ्यायला सांगितला, तर घेऊ नका. सात दिवसांपुरतं द्यायला तयार नसेल, तर काहीच घेऊ नका.